अठरा महिन्यांची बॅटरी

किल्ली फिरवली, तर गाडीतून नुसता 'टक्' असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. डावीकडे बसलेले आबा म्हणाले, "सारखी मारू नको. बॅटरी गेली."

मंगळवार होता. सकाळचे साडेसहा वाजलेले. नऊ वाजता साताऱ्याच्या दवाखान्यात आबांना मशीनवर घ्यायचे. तिथली पाळी चुकली की मशीन दुसऱ्या पेशंटला जायचं आणि आपण संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहायचं. वडूजपासून पाच किलोमीटरवर आमचं गाव, तिथून सातारा साठ-पासष्ट किलोमीटर. मी घड्याळाकडे बघत होते. आबा मात्र काच खाली करून डेअरीत दूध घालायला आलेल्या दोघांना हाका मारत होते.

त्या दोघांनी धक्का दिला. आबा शेजारून सांगत होते, "दुसऱ्या गियरात ठेव. क्लच दाबून धर. आता सोड." गाडी दोन गचके खाऊन सुरू झाली. मला तसंच साताऱ्याकडे जायचं होतं. आबा नको म्हणाले. दवाखान्याच्या दारात बंद केलीस तर परत कोण ढकलणार, आधी वडूजला युनूसकडून बॅटरी घे, असं त्यांचं म्हणणं. गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द मी मोडत नसे.

आबांनी, म्हणजे हिंदुराव फडतऱ्यांनी, बत्तीस वर्षं एसटी चालवली होती. साखरेनं दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस. पहिले दोन महिने आम्ही भाड्याची जीप केली. मग ही जुनी पांढरी गाडी घेतली. मी पंचेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात धरलं आणि आबांनी मला शेजारी बसून गाडी शिकवली. मी गावातल्याच शाळेत शिक्षिका. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले त्याला तेव्हा सोळा वर्षं झाली होती. आई आधीच गेलेली. धाकटा भाऊ जयसिंग पुण्यात एका कंपनीत होता. घरात आबा आणि मी, दोघंच.

युनूसभाई बागवानांचं दुकान वडूजच्या स्टँडजवळ होतं आणि दुकानामागेच त्यांचं घर. बॅटऱ्या विकायच्या, चार्ज करायच्या, ट्रॅक्टरची वायरिंग करायची, असा धंदा. त्यांची मुलगी माझ्याकडे चौथीपर्यंत शिकली होती, म्हणून ते मला बाई म्हणत. मी दार वाजवलं तर ते तसेच बनियनवर बाहेर आले आणि त्यांनी शटर वर केलं. मी गाडी चालूच ठेवली होती. आबांना म्हटलं, तुम्ही बसून राहा.

युनूसभाईंनी दोन बॅटऱ्या काढून टेबलावर ठेवल्या. एक लोकल, अठरा महिन्यांच्या वॉरंटीची. दुसरी मोठ्या कंपनीची, पाच वर्षांची. दुसरीची किंमत जवळजवळ दुप्पट.

"बाई, माझं ऐका," ते म्हणाले. "लोकल वाईट न्हाई. मी स्वतः पारखून आणतो. पण तुमची गाडी पेशंटची. आठवड्याला दोनदा सातारा. ही पाच वर्षांची टाका आणि विसरून जा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. जयसिंग होता. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सात वाजता त्याचा फोन यायचा, निघालात का म्हणून. मी काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, सगळ्यात चांगली घे, पैशाचा विचार करू नको, मी लगेच पाठवतो.

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. पण तीन महिन्यांत तो एकदाही आला नव्हता आणि दर वेळी त्याच्याकडे हेच एक वाक्य असायचं, मी पाठवतो. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आबांचं हृदय आता पाव हिश्शानंच चालतंय, दुसरी किडनी बसवण्याचा विषयच नाही, वर्षभर काढतील, फार तर सव्वा वर्ष. ते मी एकट्या जयसिंगला सांगितलं होतं. तेव्हाही तो म्हणाला होता, काय लागेल ते कर, मी पाठवतो.

बाहेर गाडी चालू, समोरून एसटी जात होती, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागत होतं. पण मोठ्यानं बोलले ते काही तेवढ्यासाठीच नाही.

"पाच वर्षं कोण बसणार आहे त्या गाडीत?" मी म्हटलं. "डॉक्टर वर्ष म्हणतायत. अठरा महिन्यांची पुरे झाली."

युनूसभाई माझ्याकडे बघत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मी वळले. आबा शटरची कड धरून उभे होते. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस बॅटरी घेताना गाडीत बसून राहील, हे मला कसं वाटलं कोण जाणे.

ते हळूहळू आत आले. लोकल बॅटरीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही कधीची हाय?"

"मागच्या महिन्यातली, आबा."

"मीटर लाव बघू."

युनूसभाईंनी मीटर लावला. आबांनी वाकून आकडा वाचला, बारा पॉइंट सहा, म्हणजे पूर्ण भरलेली.

"हीच बसव."

"आबा, ती दुसरी घ्या. पैशाचं मागनं बघू."

"शैला म्हणती ती बसव. पुरंल का न्हाई?"

युनूसभाईंनी पाच वर्षांची बॅटरी उचलून बाजूला ठेवली. "पुरेल," ते म्हणाले.

गाडी बंद करून त्यांनी जुनी बॅटरी काढली, टर्मिनलवरची पांढरी भुकटी घासून काढली, नवी बसवली. मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

वर्धनगडच्या घाटात मी चुकीचा गियर टाकला तरी आबांनी टोकलं नाही. त्या दिवशी मशीनवर चार तास ते छताकडे बघत होते. एरवी डोळे मिटून पडायचे.

परत येताना कोरेगावात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. चहा सांगितला. त्यांना दिवसाला मोजून तीन पेले पाणी चालायचं, म्हणून आम्ही नेहमी एका चहात दोघं प्यायचो. त्यांनी दोन सांगितले. आपला अख्खा कप पिऊन झाल्यावर म्हणाले, "जयसिंगला कवा सांगितलंस?"

"पंधरा दिवस झाले."

"आणि युनूसला आज." त्यांनी कप खाली ठेवला. "मरणार मी आणि मलाच सगळ्यांच्या शेवटी कळलं."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते शब्दाला शब्द सांगायला लावलं. मी सांगितलं. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले की संध्याकाळच्या आत घरी पोचू, चल.

पुढचे तीन आठवडे सगळं नेहमीसारखं चाललं. मला वाटलं, विषय संपला. चौथ्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी मी गाडी काढली, तर आबा अंगात सदरा न घालता ओट्यावर बसलेले.

"आजपास्नं बंद," ते म्हणाले.

मी समजूत घातली, भांडले, शेवटी पाया पडले. त्यांनी शांतपणे हिशेब मांडला. आठवड्यातले दोन दिवस सुया टोचून घेण्यात जातात. त्याच्या दुसऱ्या दिवशी उठवत नाही. राहिलेल्या तीन दिवसांत पुन्हा पाय सुजायला लागतात. असं एक वर्ष मला कशाला पायजे, आणि तुला तरी कशाला? माझ्या सगळ्या रजा संपल्या होत्या, बिनपगारी चालू होत्या, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत होतं.

मी जयसिंगला फोन केला. तो आबांशी अर्धा तास बोलला. मग मला म्हणाला, मी पुढच्या शनिवारी येतो, तोवर तू त्यांना समजाव.

संध्याकाळी आबांनी मला जवळ बसवलं. "एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "मी मधीच भिईन. भिणारच. तुला म्हणंन, ने मला. तवा ऐकू नगंस."

"आबा, असलं काही मी कबूल करणार नाही."

"कर. न्हाईतर त्यो सगळा खेळ परत पहिल्यापास्नं."

मला ते बोलणं संपवायचं होतं. मी हो म्हटलं.

पहिले चार दिवस खरोखर चांगले गेले. आबांनी केळं खाल्लं, टोमॅटोचं सार प्यायलं, माठातलं पाणी तांब्यानं प्यायलं. वर्षभर बंद होतं ते सगळं. सोमवारी मला म्हणाले, डेपोत ने. तिथं जुन्या दोस्तांबरोबर दोन तास बसले. परत येताना मला म्हणाले की तू आता गाडी चांगली चालवतीस, फक्त ब्रेकवर पाय लवकर जातो. हे एवढं कौतुक त्यांनी माझं आयुष्यात केलं नव्हतं.

मंगळवारी पाय गुडघ्यापर्यंत सुजले. बुधवारी चेहरा सुजला, अंगाला खाज सुटली, खाजवून खाजवून हातावर रक्त आलं. रात्री त्यांना आडवं होता येईना. मी भिंतीला उशा लावून त्यांना बसवलं आणि समोर बसून राहिले. आदल्या दोन रात्रीही माझा डोळा लागला नव्हता.

गुरुवारी सकाळी आठ वाजता ते म्हणाले, "शैला, ने मला."

मी त्यांच्याकडे बघितलं. छातीत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी माझं मनगट धरलं. "ने गं," ते म्हणाले.

मी जयसिंगला फोन करून सांगितलं, आबा चला म्हणतायत, निघते. त्यानंतर नऊ वाजता आम्ही घरातून निघालो. शेजारच्या सुमनकाकींनी आबांना गाडीत बसवायला हात दिला. पुसेगाव गेलं तोवर ते शुद्धीवर होते. माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. वर्धनगडचा घाट उतरताना त्यांची मान काचेकडे कलली. मी गाडी कडेला घेऊन हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. मग तशीच पुढे दवाखान्यात नेली, कारण दुसरं काय करायचं ते मला कळेना. डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

जयसिंग दुपारी परस्पर दवाखान्यातच आला. डॉक्टरांचं ते वाक्य त्यानं ऐकलं. अंत्यविधी झाला, माणसं गेली, तेव्हा ओट्यावर बसून तो मला म्हणाला, "आक्का, आठला तुझा फोन आला. सुमनकाकी म्हणतात, नऊला गाडी निघाली. तासभर काय झालं?"

मी पदरानं तोंड पुसलं.

"गाडी चालू झाली नाही का?"

मी म्हटलं, "नाही."

"तीच ती बॅटरी?"

"हो."

त्यानं भिंतीवर मूठ आपटली. "मी सांगितलं होतं तुला," एवढंच म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून झाली आणि जयसिंग कुणाला न सांगता स्वतःच्या गाडीनं वडूजला गेला. बाजारचा दिवस होता. तिथं दुकानाच्या दारात माणसांदेखत त्यानं युनूसभाईंना काय काय बोलून घेतलं ते मला नंतर इतरांकडून कळलं. तासाभरानं तो त्यांना घेऊनच घरी आला. युनूसभाईंच्या हातात हत्यारांची पिशवी होती. आधी ते आबांच्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले, मग अंगणात आमच्या पांढऱ्या गाडीजवळ गेले. मी दारात आले.

त्यांनी बॉनेट उघडलं. मीटर लावला. जयसिंग शेजारी हाताची घडी घालून उभा होता, पण मीटरमधलं त्याला काही कळत नव्हतं. मी दारातून आकडा बघू शकत नव्हते. बघायची गरजही नव्हती. युनूसभाईंनी मीटर काढला, परत लावला. दुसरं एक जड यंत्र लावून बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

किती वेळ बघत होते, सांगता येणार नाही. रागानं बघत नव्हते. वाट बघत होते.

मी मान खाली घातली.

"एखादा सेल कमजोर असेल," युनूसभाई जयसिंगला म्हणाले. "लोकलमधे होतं असं कधीकधी."

त्यांनी ती बॅटरी काढली. येताना बरोबर आणलेली पाच वर्षांची बॅटरी तिच्या जागी बसवली. जयसिंगनं खिशात हात घातला, तर ते म्हणाले, राहू द्या. आणि जुनी बॅटरी खांद्यावर घेऊन चालत फाट्याकडे गेले. जयसिंगनं त्यांना गाडीतून सोडलं नाही. मीही म्हटलं नाही, सोड म्हणून.

बॅटरीत काहीच दोष नव्हता. त्या गुरुवारी मी किल्ली फिरवली तेव्हा गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली होती. नऊ वाजता. आठ ते नऊ मी स्वयंपाकघरात होते.

जयसिंगला फोन केला, किल्ली घेतली, आबांची फाईल घेतली, आणि पाणी प्यायला म्हणून आत गेले ती तिथंच पाटावर बसले. बाहेरून आबांचा आवाज येत होता. दोनदा त्यांनी माझं नाव घेतलं. मला त्यांचं बोलणं आठवत होतं, तवा ऐकू नगंस. मी स्वतःला सांगत होते की मी त्यांचाच शब्द पाळते आहे. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मी त्यांना नेलं असतं तर ते वाचले असते, शुक्रवारी पुन्हा जायचं होतं, मंगळवारी पुन्हा, आणि वर्षभर पुन्हा. मी तीन रात्री जागी होते. मला वाटलं, होतंय तर होऊ दे. असं स्पष्ट वाटलं. मी हातात किल्ली धरून बसून राहिले आणि बाहेरचा आवाज ऐकत राहिले. मग त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली, माझ्या नावानं नाही, माझ्या आईच्या नावानं. तेव्हा मी उठले.

एवढं सगळं जयसिंगला सांगायला मला तोंड नव्हतं. त्यानं स्वतःच मला एक उत्तर दिलं, गाडी चालू झाली नाही का, आणि मी ते घेतलं. बॅटरीच्या जागी एखादं माणूस असतं, त्याचं नाव घ्यावं लागलं असतं, तर मी घेतलं नसतं असं मला तेव्हा वाटायचं. बॅटरी ही वस्तू आहे, तिला काय होतंय. पण बॅटरी कुणाच्या तरी दुकानातून आलेली असते.

तेराव्यानंतर जयसिंग पुण्याला गेला आणि मी वडूजला गेले. युनूसभाई काउंटरमागे बसले होते. नेहमी मला बघताच खुर्ची पुढे करायचे. त्या दिवशी केली नाही.

"युनूसभाई," मी म्हटलं, "ती बॅटरी चांगली होती."

"मला माहीत आहे. आतल्या खोलीत दिव्याला लावलीय. रोज चालतीय."

"मग तुम्ही तसं का सांगितलंत?"

"मयताच्या घरात, भावासमोर, मी बाईमाणसाला खोटं पाडणार नव्हतो," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, तुम्ही स्वतःच बोलाल. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. मी तेराव्यापर्यंत वाट बघितली, बाई. तुम्ही आज आलात, पण एकट्याच आलात."

मी म्हटलं, मी जयसिंगला सांगते. ते म्हणाले, सांगा. काय झालं होतं ते त्यांनी मला विचारलं नाही. मी उठले, म्हणजे उभीच होते, निघाले. मागून ते म्हणाले, "गाडीचं काही काम निघालं तर दुसरीकडं करा. माझ्याकडं येऊ नका."

मी जयसिंगला सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात जमलं नाही, मग वर्षश्राद्धाला सांगू म्हटलं, मग ते राहूनच गेलं. इकडे गावात आणि वडूजमध्ये गोष्ट पसरली होती. म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं होतं, ऐन वेळी बॅटरीनं दगा दिला. कुणी म्हणे, युनूस जुन्या बॅटऱ्या रंगवून विकतो. शाळेत एकदा माझ्यासमोरच एक पालक असं म्हणाले. मी वहीत डोकं घातलं. पुढच्या वर्षी स्टँडसमोर बॅटऱ्यांचं मोठं नवं दुकान निघालं. तेव्हा सगळं गिऱ्हाईक माझ्यामुळेच तुटलं असं म्हणता येणार नाही. पण दोन वर्षांत युनूसभाईंचं शटर खाली आलं ते आलंच. ते बायकामुलं घेऊन फलटणला गेले आणि तिथं कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वायरिंगच्या कामाला लागले, असं त्यांची मुलगी एकदा एसटीत भेटली तेव्हा म्हणाली. तिनं माझ्या पाया पडायला हात पुढे केला. मी तिला पडू दिलं नाही. तिला वाटलं, बाईंचा मोठेपणा.

या सगळ्याला आता तेरा वर्षं झाली. मी निवृत्त झाले. गेल्या मे महिन्यात पुण्याला जयसिंगकडे आठ दिवस राहायला गेले होते. एका दुपारी त्यांच्या सोसायटीतले एक गृहस्थ आले. त्यांची गाडी सकाळी सुरू झाली नव्हती आणि स्वस्तातली बॅटरी घ्यावी की महागातली, असं त्यांनी सहज विचारलं. जयसिंगनं त्यांना खाली बसवलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्याच्या सांगण्यावरूनच कळत होतं की ही गोष्ट त्यानं अनेकदा सांगितली आहे. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं ठरलेलं. तो म्हणाला, मी फोनवर ओरडून सांगत होतो की चांगली घ्या. तो ओरडला नव्हता. म्हणाला, त्या दुकानदारानं माझ्या बहिणीला गळ घालून रद्दी माल दिला. शेवटी म्हणाला, "वडूजचा बागवान होता तो. त्या लोकांचं असंच असतं."

ते गृहस्थ मान हलवत गेले. भावजय आत चहा करत होती. जयसिंगनं टीव्ही लावला.

मी म्हटलं, "जयसिंग, त्या दिवशी गाडी चालू झाली होती."

"कुठल्या दिवशी?"

"आबा गेले त्या दिवशी. पहिल्याच किल्लीला. बॅटरीत काही दोष नव्हता. मी तुला खोटं सांगितलं."

आणि मी त्याला सांगितलं. पाटावर बसले होते ते, आबांनी माझ्याकडून काय कबूल करून घेतलं होतं ते, मला काय वाटलं होतं ते. युनूसभाई अंगणात माझ्याकडे बघत होते ते. दुकानात गळ कुणी घातली नव्हती, उलट त्यांनी मला दुसरी घ्या म्हणून सांगितलं होतं, तेही. तो टीव्हीकडे बघत ऐकत होता. त्याचे केस पिकलेत, बसण्याची पद्धत अगदी आबांसारखी झाली आहे.

"मी तुला चांगली घे म्हटलं होतं," तो म्हणाला.

"हो. म्हटलं होतंस."

"पैसे पाठवतो म्हटलं होतं."

"तेही म्हटलं होतंस. पण त्याचा काही संबंध नव्हता. गाडी चालू झाली होती."

"आक्का, तू तीन रात्री जागी होतीस," तो हळूच म्हणाला. आजारी माणसाशी बोलावं तसं. "माणसाला अशा वेळी धड आठवत नाही. आता इतक्या वर्षांनी तू उगाच स्वतःला लावून घेतेस. बॅटरीच होती ती. त्यानं स्वतः कबूल केलं होतं माझ्यासमोर."

"माझ्यासाठी केलं होतं."

"जाऊ दे आता."

भावजय चहा घेऊन आली. आमची तोंडं बघून कप ठेवून परत आत गेली. जयसिंगनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. मी उठले, टीव्ही बंद केला, खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.